न शिजवता केलेला स्ट्रॉबेरीचा जॅम

स्ट्रॉबेरीत मला सगळ्यात प्रिय काय असेल तर तिचा वास. रंग दिसायला छान, चव आंबटगोड, पण फळ पाहिल्याबरोबर पिशवीत नाक घालावंसं वाटतं ते वासासाठीच. तीच स्ट्रॉबेरी साखर घालून अर्धा-पाऊण तास आटवली की घरभर घमघमाट सुटतो. शेजारी विचारतात, आज काय केलंय? पण घरभर पसरलेला तो सुगंध पातेल्यातून निघून गेलेला असतो. बरणीत उरतो तो गोड, चिकट, विटकरी रंगाकडे झुकलेला गोळा. डोळे मिटून खाल्ला तर कशाचा जॅम आहे हे पटकन सांगता येत नाही. फळाला वास देणारे पदार्थ उष्णतेने उडून जातात आणि लाल रंग देणारी द्रव्यंही जास्त वेळ तापवली की टिकत नाहीत. त्यात शिजवणाऱ्याचं काही चुकत नाही.

म्हणून कॅनडातल्या माझ्या नणंदेने फोनवर फ्रीझर जॅमचं सांगितलं तेव्हा मी कागद-पेन घेऊनच बसले. तिकडे जून-जुलैत शेतावर जाऊन आपल्या हातांनी स्ट्रॉबेरी तोडून आणतात आणि हा जॅम करून वर्षभरासाठी फ्रीझरमध्ये ठेवतात. "वहिनी, फळ गॅसवर ठेवायचंच नाही," ती म्हणाली. "फळ कच्चं, साखर कच्ची. पेक्टिनचं, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या पावडरीचं, पाणी तेवढं एक मिनिट उकळायचं, फळात ओतायचं, तीन मिनिटं ढवळायचं आणि डबे भरायचे."

सासूबाई शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा जन्म रत्नागिरीचा, साखरांबा-मोरांबा-मुरंब्यात आयुष्य गेलेलं. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, न शिजवता ते टिकेल कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे टिकाऊ म्हणजे आटवलेलं, पाक मुरलेलं. दुकानातला जॅमही त्याच तत्त्वावर टिकतो. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावे लागतात. एवढी साखर असली की बुरशीला आणि किण्वाला (यीस्टला) वाढायला लागणारं पाणीच मोकळं राहत नाही. फ्रीझर जॅममध्ये साखर त्याहून कमी आणि फळ कच्चं, म्हणून तो टिकवायचं काम साखरेवर न सोपवता थंडीवर सोपवायचं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आपण मे महिन्यात हापूसचा रस डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवतो ना, तसंच हे. फक्त रसाऐवजी पोळीला लावता येईल इतपत घट्ट." एवढं त्यांना पुरलं.

आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो. स्ट्रॉबेरी इथे डिसेंबरपासूनच दिसायला लागते, पण सुरुवातीचा माल महाग असतो आणि माझ्या मते जॅमसाठी तो घेऊही नये. महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाई या पट्ट्यात लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, फळं नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होतात आणि साधारण एप्रिलपर्यंत चालतात. देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के याच भागातून येते असं मानतात. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढतं, माल भरपूर येतो, भाव उतरतात आणि नीट पिकलेली फळं जास्त मिळतात. जॅमचे दिवस हेच.

घरापुरता एकच घाणा करायचा तर ठाण्याला जांभळी नाक्यावर किंवा इथल्या कुठल्याही फळवाल्याकडे जाऊन दोनतीन पनेटं, म्हणजे फळांचे छोटे प्लॅस्टिकचे डबे, आणली तरी काम होतं. जास्त करायचा असेल तर मी पहाटेची लोकल पकडून तुर्भ्याला उतरते आणि रिक्षाने एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, फळबाजारात जाते. तिथे घाऊक व्यवहार चालतो, त्यामुळे उगाच पाव किलो, अर्धा किलो मागून कुणाचा वेळ घेऊ नये. पण पूर्ण खोकं घेणार म्हटलं तर काही गाळेवाले घरगुती गिऱ्हाइकालाही देतात. मात्र लवकर जायला हवं. रात्रभर घाटावरून प्रवास करून आलेलं फळ सकाळच्या उन्हात दर तासाला मऊ पडत जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच बाजारात कोकणातल्या हापूसच्या पेट्या उतरायला लागलेल्या असतात. गवतात निजवलेल्या कैऱ्यांचा आणि स्ट्रॉबेरीचा वास एकाच वेळी येतो, आणि तेवढ्यासाठीही पहाटे उठावंसं वाटतं.

फळ निवडण्यात कसूर करू नये. बाकीचं सगळं सोपं आहे, पण हा जॅम शिजत नसल्यामुळे फळात जे नाही ते नंतर येणार नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. केळं, आंबा, चिकू घरी अढीत घालून पिकवता येतात. हिचं तसं नाही. देठाजवळ पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी दोन दिवसांनी लाल दिसेल, मऊही पडेल, पण गोडी आणि वास जेवढा झाडावर आला तेवढाच. म्हणून देठापर्यंत लाल असलेलीच घ्यावी. पनेट उलटं करून तळ बघावा, कारण दबलेली आणि राखाडी बुरशी धरलेली फळं तिथेच असतात. नाकाजवळ धरून वास घ्यावा. विकणारा काही म्हणत नाही. मोठाली, एकसारखी, दिसायला देखणी फळं ताटात मांडायला ठीक. जॅमला मला बारकी, वेडीवाकडी, गडद फळं जास्त पसंत पडतात. मोठी फळं आतून बरेचदा पोकळ निघतात, आणि बारक्या मालाला भावही कमी असतो.

फळ आणलं की त्याच दिवशी जॅम करायचा. देठासकट वाहत्या पाण्याखाली धुवायचं, भिजत घालायचं नाही. देठ काढून मग धुतलं तर पाणी आत शिरतं आणि जॅम पातळ होतो. धुतलेली फळं स्वच्छ पंचावर पसरून पंख्याखाली कोरडी करायची, मग सुरीच्या टोकाने देठ आणि त्याखालचा पांढरा गाभा काढायचा. एक जरी फळ किडलेलं, आंबूस वासाचं वाटलं तरी ते टाकून द्यावं. शिजवताना उष्णतेने जे झाकून जातं ते इथे झाकलं जात नाही.

आता पेक्टिनकडे येते. हा सगळ्यात कळीचा भाग आहे आणि इकडे करायला घेतलं की पहिली अडचण इथेच येते.

जॅम घट्ट होतो तो फळातल्या पेक्टिनमुळे. पेरू, कवठ, आवळा, आंबट सफरचंद यांत ते भरपूर असतं. स्ट्रॉबेरीत कमी. म्हणून शिजवलेला जॅम करताना ती खूप वेळ आटवावी लागते, आणि आटवायची नसेल तर पेक्टिन बाहेरून घालावं लागतं. नणंदेच्या कृतीत "एक बॉक्स पेक्टिन" असं होतं. तिकडच्या त्या खोक्यात पन्नासेक ग्रॅम पावडर असते. पण ते सगळं पेक्टिन नसतं; त्यात द्राक्षशर्करा आणि आंबटपणासाठी आम्लही मिसळलेलं असतं. आपल्याकडे बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत जी पावडर सुटी किंवा छोट्या पुडीत मिळते ती बहुतेक वेळा निव्वळ पेक्टिन असते. ती पन्नास ग्रॅम घातली तर चमचाही फिरणार नाही. तेव्हा पाकिटामागचा मजकूर नीट वाचून घ्यावा. मी आणलेल्या पाकिटावर हाय मेथॉक्सिल, १५० ग्रेड असं लिहिलं होतं. हाय मेथॉक्सिल हा पेक्टिनचा एक प्रकार. १५० ग्रेडचा अर्थ असा की एक ग्रॅम पेक्टिन साधारण दीडशे ग्रॅम साखर धरून ठेवू शकतं. आठशे ग्रॅम साखरेला हिशोबाने साडेपाच ग्रॅमच्या आतच पुरतं. आपण ते फळाबरोबर शिजवत नाही म्हणून मी थोडं वाढवून आठ ग्रॅम घेते. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. चमच्याच्या मापावर इथे विसंबू नये, कारण पावडर हलकी असते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी बसते.

दुसरा प्रकार लो मेथॉक्सिल. त्याला घट्ट व्हायला साखर नाही, कॅल्शियम लागतं. मधुमेह असलेल्या घरात कमी साखरेचा जॅम करायचा तर तो उपयोगी आहे, पण त्याचं प्रमाण वेगळं आणि कॅल्शियम मिसळायची पद्धतही वेगळी. एकाच्या जागी दुसरा वापरून चालत नाही.

हाय मेथॉक्सिल पेक्टिनला दोन गोष्टी लागतात. एक आंबटपणा, दुसरी भरपूर साखर. पेक्टिनचे लांबलचक धागे पाण्यात एकमेकांपासून दूर दूर तरंगत असतात. आम्लामुळे त्यांचं एकमेकांना दूर लोटणं कमी होतं, साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, आणि मग ते एकमेकांना बिलगून जाळं विणतात. या जाळ्यात फळ आणि रस अडकतो तेव्हा जॅम बसतो. साखर साधारण ५५ टक्क्यांच्या खाली गेली की जाळं नीट होत नाही. हे समजल्यावर नणंदेच्या कृतीतली साखर मला खटकेनाशी झाली. फळाच्या जवळजवळ पावणेदोन पट साखर! सासूबाईंनी तर कपाळाला हात लावला होता. पण हिशोब मांडून पाहा: साफ केलेली स्ट्रॉबेरी ४७५ ग्रॅम, साखर ८०० ग्रॅम, पाणी १८० मिली, लिंबाचा रस ३० मिली. फळातली स्वतःची साखर धरून हे प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे काठावरच. इथे "थोडी कमी घालूया" म्हणून चालत नाही. शंभर-दीडशे ग्रॅम कमी केली की सरबत होतं. गोडी जास्त वाटते हे खरं, पण पोळीवर एक चमचा पसरायचा असतो, वाटीभर खायचा नसतो. आणि लिंबाच्या रसाने ती बरीच ताळ्यावर येते.

लिंबू मी कागदीच घेते, दोन मोठी पुरतात. तिकडच्या खोक्यातल्या पावडरीत आम्ल आधीच असतं म्हणून त्यांच्या कृतीत लिंबू नसतं. आपल्या निव्वळ पेक्टिनला ते हवंच.

साखरेबद्दल आणखी एक. आपल्याकडची साखर जाड दाण्याची. शिजवताना त्याने काही बिघडत नाही, पण थंड फळात ती विरघळायला फार वेळ घेते आणि जॅम खाताना दाताखाली कचकच लागते. म्हणून मी साखर मिक्सरमधून एकदोनदा फिरवून घेते, अगदी पीठ न करता बारीक रव्याइतपत. दुकानातली तयार पिठीसाखर वापरत नाही, कारण गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात कधी कधी स्टार्च घातलेला असतो आणि त्याने जॅम गढूळ दिसतो.

फळ मात्र मिक्सरमध्ये घालायचं नाही. त्याचा गुळगुळीत लगदा होतो, हवा भरून फेस येतो आणि जॅम फिकट गुलाबी दिसतो. पावभाजीचा मॅशर याला अगदी योग्य. परातीत एकावेळी एकच थर फळं घेऊन दाबायची; थोडे तुकडे राहिले पाहिजेत, पण सगळीकडे रस सुटलेला हवा. ठेचून झाल्यावर काट्यावर पुन्हा वजन करते, कारण आधीच्या वजनात देठ आणि टाकलेली फळं असतात.

ठेचलेल्या फळात साखर आणि लिंबाचा रस घालून हलवते आणि झाकून ठेवते. तिकडच्या कृतीत दहा मिनिटं सांगतात. मी अर्धा तास ठेवते आणि मधूनमधून तळापासून हलवत राहते. एवढ्या वेळात रस सुटतो, साखर बरीचशी विरघळते, रंग एकदम गडद आणि झळाळता होतो. या टप्प्यावर चमचाभर खाऊन बघावं. मी जॅम करते तो या चवीसाठी. पुढे जे करायचं ते फक्त हिला धरून ठेवण्यासाठी.

पेक्टिनची पावडर नुसती पाण्यात टाकली तर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या काही केल्या सुटत नाहीत. त्यासाठी ठरलेल्या साखरेतलीच तीन चमचे साखर बाजूला काढून तिच्यात पावडर कोरडीच एकजीव करायची. छोट्या पातेल्यात १८० मिली पाणी घेऊन त्यात हे मिश्रण थोडं थोडं भुरभुरवत हाताच्या व्हिस्कने फेटायचं. मग गॅस चालू करून सतत ढवळत उकळी आणायची, आणि उकळी फुटल्यावर घड्याळ लावून एक पूर्ण मिनिट उकळायचं. पाणी दाट, थोडं चिकट होतं. ते गरम असतानाच फळात ओतायचं आणि तीन मिनिटं ढवळायचं. जोरात फेटायचं नाही, सावकाश, तळ आणि कडा सोडवत. चिमटीत घेऊन बघायचं, साखरेचा कण लागत असेल तर आणखी दोन मिनिटं. काही कण शेवटपर्यंत राहिले तरी घाबरायला नको. अगदी थोडे असतील तर रात्रभरात विरघळतात.

त्यानंतर मात्र रेंगाळायचं नाही. डबे आधीच उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून ओट्यावर मांडलेले हवेत. जाळं धरायला लागल्यावर पुन्हा पुन्हा ढवळलं तर ते तुटतं आणि मग नीट जुळत नाही. मी दीडशे-दोनशे मिलीचे छोटे प्लॅस्टिकचे डबे घेते, अन्नासाठी चालणारे. या मापात साधारण सात डबे होतात. वर बोटाच्या एका पेराएवढी जागा मोकळी सोडायची, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. काचेच्या बाटल्या वापरायच्या असतील तर सरळ भिंतीच्या घ्याव्यात. गळ्याशी अरुंद होणाऱ्या बाटलीत जॅम फुगून वर सरकायला जातो, तिच्या खांद्यांशी अडतो आणि काच तडकते.

तिकडच्या कृतीत झाकण लावून चोवीस तास ओट्यावर ठेवा असं लिहिलेलं असतं. त्या ओट्यावर वीस-बावीस अंश असतात. ऐरोलीत मार्चच्या दुपारी स्वयंपाकघर तेहतीस-चौतिसाला जातं, वर खाडीचा दमटपणा. न शिजवलेलं फळ इतका वेळ असं ठेवणं मला पटत नाही. मी जॅम संध्याकाळीच करते, डबे रात्री एसी लावलेल्या खोलीत टेबलावर ठेवते आणि सकाळी उठल्याबरोबर फ्रिजमध्ये हलवते. तिथे आणखी एक दिवस, मग फ्रीझर. असं केल्याने जॅम बसायला जरा जास्त वेळ घेतो, पण बसतो. दुसऱ्या दिवशी डबा तिरका केला की सगळा ऐवज एकसंध हलतो, कडेने धावत नाही. शिजवलेल्या जॅमसारखा तो कापता येत नाही, आणि येऊही नये. मऊ, चमच्यावरून हळूच घसरणारा, असाच तो असतो.

सासूबाईंच्या मनात मात्र बाजारच्या पावडरीबद्दल अढी होती. त्या म्हणाल्या, "पेरूची जेली आम्ही काय पावडर घालून करायचो? पेरूचंच पाणी घालून बघ की." त्यांचं म्हणणं मला मनापासून आवडलं, आणि आम्ही दोघींनी ते करून पाहिलं. आधी कवठाचा विचार होता. महाशिवरात्रीच्या सुमारास कवठं आणि स्ट्रॉबेरी बाजारात एकत्रच असतात, आणि कवठाची जेली बसते तशी दुसऱ्या कशाची बसत नाही. पण कवठाचा वास इतका जबरदस्त की स्ट्रॉबेरीला बोलूच देणार नाही. म्हणून पेरू, तोही अर्धकच्चा, कारण पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिनची ताकद कमी होते.

अर्धा किलो पेरूच्या सालीबियांसकट पातळ चकत्या केल्या, बुडतील एवढंच पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास उकळल्या आणि पंचात बांधून टांगून ठेवल्या. पिळायचं नाही, पिळलं की पाणी गढूळ होतं. निथळून आलेल्या पाण्यात पेक्टिन किती आहे हे बघायची एक जुनी परीक्षा सासूबाईंना शाळेतल्या गृहविज्ञानाच्या तासापासून आठवत होती. चमचाभर पाणी थंड करायचं, वाटीत घेऊन त्यात तितकंच किंवा थोडं जास्त स्पिरिट कडेने सोडायचं, आणि मिनिटभराने बघायचं. एकसंध पारदर्शक गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, दोनतीन मोठे तुकडे झाले तर मध्यम, बारीक कण झाले तर कमी. ही वाटी नंतर ओतून द्यायची, चाखायची नाही, कारण स्पिरिट विषारी असतं. आमचे आधी तुकडे पडले. पाणी आटवून निम्मं केल्यावर गोळा झाला. आटवणं तसंही गरजेचं होतं. नाहीतर जास्तीच्या पाण्याने साखरेचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या खाली गेलं असतं.

ते १८० मिली पाणी गरम करून पेक्टिनच्या पाण्याच्या जागी घातलं. जॅम बसला, पण पावडरीच्या जॅमपेक्षा सैल, दाट मधाच्या जवळ जाणारा. रंगात फरक नाही. वासात अगदी मागे, गिळल्यानंतर, पेरू जाणवतो. मला पोळीसाठी पावडरीचा आवडतो. पण श्रीखंडावर, साय घालून किंवा थंड दुधात घालायला पेरूच्या पाण्याचा जास्त चांगला, कारण तो पटकन मिसळतो. सासूबाई दुसरा कुठलाही खात नाहीत.

फ्रीझरमध्ये डबे दाराजवळ ठेवू नयेत. दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं, जॅममधलं पाणी थोडं वितळतं, पुन्हा गोठतं, बर्फाचे खडे धरतात. आत, मागच्या भिंतीजवळ, उणे अठरा अंशांना ठेवला तर वर्षभर चांगला राहतो. साखरेमुळे तो दगडासारखा गोठतही नाही. घाईत असेल तर सरळ फ्रीझरमधल्या डब्यात चमचा घालता येतो. एरवी आदल्या रात्री डबा खाली फ्रिजमध्ये उतरवावा. वितळल्यावर कडेला थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर हलक्या हाताने ढवळलं की पुरे. उघडलेला डबा तीन आठवड्यांत संपवायचा आणि पुन्हा गोठवायचा नाही. छोटे डबे घेण्यामागे मोठं कारण हेच आहे. आमच्याकडे एक डबा मुलांच्या पोळीच्या गुंडाळ्यांत आठवड्याच्या आतच संपतो.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. जॅम म्हटलं की आपण तो टेबलावर किंवा मांडणीत ठेवतो, हात आपोआप तिकडे जातो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मी एक डबा दिला होता. त्यांनी तो लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवला आणि थोड्याच दिवसांत झाकण उघडताना फसकन आवाज आला. आतलं फळ आंबायला लागलं होतं. दमट हवेत, ५६ टक्के साखरेत, किण्वाला पुरेसं पाणी असतं. तेव्हापासून दुसऱ्याला द्यायच्या डब्यावर मी जॅमचं नाव लिहायच्या आधी "फ्रिजमध्येच ठेवा" असं लिहिते, खाली केल्याची तारीख, आणि देताना तोंडीही सांगते. वहिनींनी दुसरा डबा मागितला, तो फ्रिजमध्ये ठेवून संपवला, आणि आता पुढच्या मार्चला त्यांनाही माझ्याबरोबर तुर्भ्याला यायचंय. खोकं दोघींत वाटून घेतलं तर माल त्याच संध्याकाळी मार्गी लागतो, हा मोठा फायदा.